देवदूताचं गाव पोलादपूरच्या पुढे

जायचं ठरलं ते कृपाच्या एका प्रश्नामुळे.

कृपा माझी मुलगी. वय तेवीस, नर्स, तीही प्रसूती विभागात. नाताळच्या आधी आम्ही दोघी करंज्या करत बसलो होतो. मी सहज म्हणाले, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारच्या उपासनेत माझी साक्ष ठेवली आहे. साक्ष म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. माझी साक्ष ठरलेली आहे, आमच्या चर्चमधल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

कृपा दोन महिन्यांची होती. पहिलं बाळंतपण माहेरी पनवेलला झालं आणि हे मला न्यायला आले. तेव्हा आम्ही पाचगणीला राहायचो, हे तिथे एका शाळेच्या मेसमध्ये कामाला होते. भर पावसाळ्याचे दिवस. पोलादपूर मागे पडलं आणि आंबेनळी घाट सुरू होण्याआधीच एस.टी. थांबली, कारण पुढे दरड पडली होती. मला सणकून ताप. अंगावरचं दूध आटलेलं. बाळ आधी रडत होतं, मग रडायचंही थांबलं. रस्त्याकडेच्या वाडीतल्या शाळेत आम्हा सगळ्या प्रवाशांना बसवलं. हे पावडरचं दूध शोधायला चालत पोलादपूरला गेले. तेवढ्यात एक बाई आली. तिने काही न विचारता माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि पाजलं. संध्याकाळपर्यंत तीनदा, सकाळी उजाडताना आणखी एकदा. दरड निघाली, आम्हाला जीप मिळाली, आणि निघताना पाहते तर बाई कुठेच नाही. बाळ जगलं. म्हणून नाव कृपा.

वीसेक वर्षं मी हे सांगते आहे. पहिल्या वर्षी ती ‘एक बाई’ होती. मग ‘पांढऱ्या लुगड्यातली बाई’ झाली. मग ‘जी कुठून आली आणि कुठे गेली हे कुणालाच कळलं नाही’ अशी झाली. मी एकदम कधी खोटं बोलले नाही. मीठ घालावं तसं चिमूट चिमूट घातलं. शेवटी ‘देवदूत’ हा शब्द आला, आणि तो आला की मंडळी ‘आमेन’ म्हणते, म्हणून तो राहिला.

कृपा करंजीची कड दाबत म्हणाली, “मम्मी, देवदूतांना दूध येतं का?”

“असं बोलू नये.”

“थट्टा नाही करत गं. दूध यायचं तर आधी बाळ व्हावं लागतं. म्हणजे तिच्या घरी तिचं बाळ होतं. त्याच्या वाटणीचं मी प्यायले. त्याचं काय झालं?”

कढईतली करंजी फुटली आणि सारण तेलभर झालं. मी गॅस बंद केला. तेवीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

नवं वर्ष लागल्यावर दोन दिवसांनी आम्ही निघालो. यांना सुट्टी नव्हती. साक्ष रविवारी होती आणि हातात तीन दिवस. पिशवीत करंज्यांचा डबा, अर्धा केक आणि एक हिरवी साडी. कुणासाठी नेतोय ते माहीत नाही, ती हयात आहे का तेही नाही.

इथे माझं प्रवासाचं लिखाण वाचायला येणाऱ्या बऱ्याचजणी कमी खर्चात जायची सोय बघायला येतात, म्हणून सांगते. स्वारगेटहून महाडला भोर, वरंध घाटामार्गे जाणारी गाडी मिळाली तर तीच घ्या, पण आधी चौकशी करा. घाट पावसाळ्यात बंद असतो आणि इतर वेळीही कामासाठी कधी बंद ठेवतात. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहेच. भोर सोडलं की डाव्या-उजव्या हाताला धरणाचं पाणी कितीतरी वेळ सोबत चालतं. सकाळी त्यावर धुकं होतं आणि त्यातून एकच होडी दिसत होती, नुसती टेकवून ठेवल्यासारखी. घाटमाथ्यावर भजीच्या टपऱ्या आहेत. कांदाभजी गरम मिळते, दोघींत एक प्लेट पुरते, पण माकडांकडे पाठ करू नका. माझ्या हातातली दोन भजी एका माकडिणीने अशी नेली की मला आधी कळलंच नाही. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं.

“लेकुरवाळी आहे, जाऊ दे,” कृपा म्हणाली.

घाट उतरला की वरंध, मग सपाटीवरची भातखाचरं, आता कापणी झालेली, आणि दुपारी महाड. स्टँडजवळच्या लॉजवर खोली सातशेला मिळाली, आठशे सांगत होता. स्वच्छ होती. जिन्याजवळच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक रेघ होती. मालकीणबाई म्हणाल्या, “पुराचं पाणी इथवर आलेलं. रंग दिला, पण रेघ मुद्दाम ठेवली. विसरायला नको.”

चार वाजता चवदार तळ्यावर गेलो. तिकीट वगैरे काही नाही. पायऱ्यांवर एक आजी नातीला घेऊन उभ्या होत्या, बहुतेक लांबून आलेल्या. आजी वाकून पाण्याला हात लावत होत्या. नात म्हणाली, “आजी, हे पाणी जादूचं आहे का?”

“छे गं. साधं पाणी आहे. साधंच होतं. तरी आपल्याला शिवू देत नव्हते, म्हणून माणसं इथं येऊन ते प्यायली.”

मी बाजूला बसून राहिले. माझ्या डोक्यात प्रभू येशूने लग्नघरात केलेला पाण्याचा द्राक्षारस होता. रविवारच्या शाळेत ती गोष्ट मी किती वर्षं शिकवली. रांजण रंगवायला द्यायचे, मुलं जांभळा रंग संपवायची. पण पाण्याचं काही न होता, ते पाणीच राहून, माणसाच्या ओंजळीत येणं हेसुद्धा केवढं असतं, हे मला त्या आजींकडून कळलं. तळ्याला वळसा घालून आम्ही थाळी जेवलो. भाकरी, वालाचं बिरडं, भात. नव्वद रुपये, आणि बिरडं परत वाढलं.

झोपण्याआधी मी कृपाला माझी भीती सांगितली. “उद्या ती सापडली, साधी बाई निघाली, तर माझ्या साक्षीचं काय? इतकी वर्षं मंडळीला काय सांगितलं मी?”

“आणि सापडलीच नाही तर?”

तर मी देवदूत म्हणायला मोकळी राहणार होते. ते मी तिला सांगितलं नाही. पण मनात आलं, आणि आल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडहून पोलादपूर. हायवे चांगला झालाय, अर्धा-पाऊण तास पुरतो. स्टँडसमोर पोहे खाल्ले आणि रिक्षावाल्याला विचारलं, तेवीस वर्षांपूर्वी आंबेनळीच्या पायथ्याशी दरड पडली होती, तिथली शाळा माहीत आहे का.

तो हसला. “मावशी, दरड दर वर्सी पडते. तुमची कुठली ते कसं सांगू?”

“शाळेसमोर मोठा आंबा होता. आणि बाहेर घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला.”

“आंबा गेला. रुळाचा तुकडा हाय. बसा.”

वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल. शाळा नवी बांधली आहे, पण रुळाचा तुकडा तोच, गंजलेला. मी त्याला हात लावला. ओल्या गोधड्यांचा वास, पत्र्यावरचा आवाज, सगळं एकदम आलं.

शाळेच्या ओट्यावर तीन बायका उन्हाला बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. साल सांगितलं, त्यांना साल नको होतं.

“दरडीच्या टायमाला बाळंतीण कोण कोण व्हती गो?” एक जण दुसरीला म्हणाली.

“सुमन व्हती. ती तर इरारला गेली.”

“सुमनला नंतर झाला, गणपतीत. तवा ती पोटुशी व्हती. पाजनारी एकच. गोदा.”

“गोदाच. तिचा दिनेश तवा मांडीवर व्हता.”

हिशोब दोन मिनिटांत संपला. मी तेवीस वर्षं जिला आभाळात शोधत होते, तिचं घर विहिरीच्या मागे तिसरं निघालं.

गोदाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला वाटलं होतं म्हातारी असेल. ती माझ्याच वयाची, फार तर एखाद्या वर्षाने लहान. म्हणजे तेव्हा तीही माझ्यासारखीच, नुकती आई झालेली पोर होती. अंगावर फुलाफुलांची साडी, खांद्यावर टॉवेल. मी म्हणाले, “बाई, खूप वर्षं झाली. दरड पडली होती. शाळेत एस.टी.ची माणसं...”

सोलणारे हात थांबले. तिने वर पाहिलं.

“लाल शाल व्हती तुझ्या अंगावर,” ती म्हणाली. “आंग तापलेला. येड्यासारखी बोलत व्हतीस.”

“होय.”

“ती पोर...” पुढे तिने विचारलंच नाही. शेंगांच्या टोपलीकडे बघायला लागली.

कृपा तिच्यासमोर खाली बसली. “मी तीच.”

गोदाबाईने आधी विश्वासच ठेवला नाही. हात टॉवेलला पुसले, कृपाचे केस बाजूला केले आणि उजव्या कानामागे पाहिलं. तिथे कृपाला लाल डाग आहे, करंगळीच्या नखाएवढा. पाजताना बाळाचा कान आपल्या डोळ्यासमोरच असतो. यांनासुद्धा तो डाग कुठल्या कानामागे आहे हे विचारलं तर आठवावं लागेल.

तिने डागावर बोट ठेवलं. “जगली व्हय गो,” ती म्हणाली, आणि मग टॉवेलमध्ये तोंड घालून रडली.

शेजारच्या बायका जमल्या. कुणी पाणी आणलं. माझ्या तोंडात बावीस वर्षांची साक्ष होती आणि तिच्यातला एक शब्द इथे उपयोगाचा नव्हता.

शांत झाल्यावर गोदाबाई म्हणाली, “मी समजले, गेली. जगली असती तर कुनीतरी सांगाय आला असता. गेल्यावर कोन येतो? दोन वर्सं मी यष्टीच्या कंडक्टरला इचारायची. तो तरी काय सांगनार.”

“सकाळी तू दिसली नाहीस,” मी म्हणाले. तुम्ही कधी तू झालं ते कळलं नाही.

“लावणी व्हती ना गो. सासूनं उजाडायला खाचरात नेला. दुपारी तुझ्यासाठी पेज घेऊन आले तर शाळा रिकामी.”

पेज घेऊन ती शाळेत उभी राहिली असेल, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. इतकी वर्षं मी सांगत आले की ती नाहीशी झाली. नाहीशा आम्ही झालो होतो.

प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि एकच आभार मानायला मागे फिरला, हे मी मुलांना शिकवताना नेहमी विचारते, बाकीचे नऊ कुठे गेले? मुलं काहीही सांगतात. बाजारात गेले, क्रिकेट खेळायला गेले. आता मला खरं उत्तर माहीत झालं. ते घरी गेले, आनंदात देवाचं नाव घेत राहिले, आणि त्यांना वाटलं तेवढं पुरे आहे.

चहा झाला. कृपाला तिचा प्रश्न विचारायचाच होता. “मावशी, तुमच्या बाळाला तेव्हा कमी पडलं असेल ना?”

“अगो, त्याला आदीपासनंच कमी पडत व्हता.” गोदाबाई पुढे सरकून बसली. “लावणीचे दिवस, खायाला अर्धी भाकर. दूद एकालाच पुरत नव्हता. दिनेश रडून रडून झोपायचा. सासू बोलली पन, आपला उपाशी ठेवून परक्याचा पाजतेस? मी म्हनले, आपला रडतो तरी हाय. ती रडत बी नाय. आनि त्या दिवशी दोगांना पुरला. दोगं पोटभर प्यायली, दोगं झोपली. मी तशीच अर्ध्या भाकरीवर. कसा पुरला तो मला अजून ठावं नाय. कुनाला सांगितला तर हसतील म्हनून सांगितला नाय.”

कृपा हळूच म्हणाली, “बाळाने जास्त ओढलं की दूध वाढतं, मावशी. आम्ही वॉर्डात सांगतो आयांना.”

“असंल. तू शिकलेली हायेस. पन त्या दिवशी मला ते म्हाईत नव्हता ना.”

मी हे वाक्य अजून मनात घोळवते आहे. कृपा सांगते तो नियम खराच असेल, आणि माझ्या मते तो देवानेच घालून ठेवलेला असेल. पण दूध वाढेल हे माहीत नसताना, आपलं लेकरू भुकेलं असताना, दुसऱ्याचं उचलून छातीशी धरायचं, हे नियमाने होत नाही. मी देवदूताला पंख लावत बसले आणि चमत्कार इथे अर्ध्या भाकरीवर झाला होता. लग्नघरात द्राक्षारस कुठून आला हे पाहुण्यांना कळलं नव्हतं, पाणी भरणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होतं. मी पाहुणी होते. ठाऊक होतं ते गोदाला.

मग तिने आपल्या मोबाइलवरून दिनेशला फोन लावला. तो मुंबईत टेम्पो चालवतो. सगळं ऐकून घेऊन तो स्पीकरवर म्हणाला, “म्हणजे माझ्या कोट्यातलं दूध पिऊन गेली ती हीच का? म्हणूनच माझी हाइट कमी राहिली!”

“पाच फूट नऊ हाय मेला,” गोदाबाई म्हणाली.

“भरपाई घेऊन आलेय, करंज्या!” कृपा ओरडली.

“माझ्या चार ठेवा. आई संपवेल.”

दूधभाऊ मिळाला तो असा. कृपाला भाऊ नाही.

त्या दिवशी आम्हाला जाऊ दिलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि त्याच सोललेल्या वालाची आमटी. जेवणाआधी मी सवयीने डोळे मिटले आणि मग वाटलं, हिच्या घरात विचारायला हवं. “प्रार्थना करू का?” म्हटलं.

“कर की. पन वाफ जायच्या आत आटप.”

मी तिचं नाव घेऊन आभार मानले. पहिल्यांदाच. आमेन म्हटल्यावर तिने हात जोडून देव्हाऱ्याकडेही मान लववली आणि मला म्हणाली, “मी बी एक नारळ बोललेले हिच्यासाठी. फोडायचा तर कसा, जगली ते कळल्याबिगर? राहिलाय तो.” आता फोडेल.

मी तिला म्हणाले, मी प्रवासाबद्दल लिहिते, तुझ्या वाडीबद्दल लिहू का? “लिव. नाव नको लिवू. मग शहरातनं गाड्या येतात, पोरं खाचरात बाटल्या टाकून जातात.” म्हणून नाव नाही.

तिसऱ्या दिवशी गोदाबाईने स्वतः रस्त्यावर उभं राहून महाबळेश्वरची एस.टी. हात करून थांबवली. अंगावर हिरवी साडी. आमच्या पिशवीत नाचणीचं पीठ, वाल आणि वाटेत खायला उकडलेली रताळी. कंडक्टरला म्हणाली, “ही माजी मानसं हायत. नीट उतरव रं.” मग खिडकीशी येऊन मला, “पोचलीस की सांग. या टायमाला तरी सांग.”

आंबेनळी घाट वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. खाली वाडीची कौलं दिसत होती, मग दिसेनाशी झाली. जिथे आमचा रस्ता तुटला होता तिथून पुढचा रस्ता मी तेवीस वर्षांनी पहिल्यांदा नीट पाहिला. तेव्हा पाहिला असेल तर आठवत नाही, मी बाळाकडे बघत होते. महाबळेश्वरला गाडी बदलून, वाईमार्गे, दिवेलागणीला पुण्यात घरी.

आमच्या घरी पद्धत आहे. प्रवासाहून आलं की चपला काढायच्या, सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं आणि सुखरूप आणल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, मग पाणी. हे वाटच पाहत होते. आम्ही तिघं उभे राहिलो, मी सुरुवात केली, “हे स्वर्गातील पित्या...” आणि कृपाने माझ्या दंडाला चिमटा काढला.

“मम्मी. आधी फोन.”

परत तेच करणार होते मी! प्रार्थना तिथेच थांबवली, देव समजून घेईल, आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“पोचलो गं.”

“बरा झाला. आता जेवते,” गोदाबाई म्हणाली.

यांनी हात पुढे केला म्हणून मी फोन त्यांच्याकडे दिला. ते त्या पावसात पोलादपूरपर्यंत चालत गेले होते आणि रिकाम्या हाताने परत आले होते. “बाई...” एवढंच म्हणाले. पलीकडून आवाज आला, “राहू दे दादा. तुमी बी जेवा.”

मग आम्ही प्रार्थना पुरी केली.

रविवारी मी साक्ष दिली. पांढरं लुगडं काढून टाकलं. नाहीशी होणं काढून टाकलं. अर्धी भाकर घातली, सासूचं बोलणं घातलं, रिकाम्या शाळेतली पेज घातली आणि मी नऊ जणांतली होते हेही सांगितलं. आमेन या वेळी उशिरा आलं, पण मोठ्याने आलं. बाहेर पडताना एक वयस्कर बाई, माझी साक्ष दर वर्षी डोळे पुसत ऐकणाऱ्या, जरा हिरमुसून म्हणाल्या, “म्हणजे तो देवदूत नव्हताच तर?”

“होता की,” मी म्हणाले. “फक्त आता माझ्याकडे त्याचा नंबर आहे.”